पिशवी काढायचीय, पण कशी? खालून, दुर्बिणीतून की रोबोटने

डॉक्टरांनी "गर्भाची पिशवी काढावी लागेल" म्हटलं की घरात प्रत्येकाला कोणीतरी आठवतं. चुलत जावेचं दुर्बिणीतून झालं ती आठवड्यात स्वयंपाकाला उभी, आत्याचं पोट उघडून झालं ती कितीतरी महिने कंबर धरून बसलेली, आणि मग चहा संपेपर्यंत ठरलेलं असतं की आपणही दुर्बिणीतूनच करायचं. जावेची पिशवी केवढी होती, कशासाठी काढली, आत्याला आधी दोन सीझर होते का, हे कोणी विचारत नाही. मी बरीच वर्षं गायनॅकच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काम केलंय, त्यामुळे पद्धतींमधला फरक टेबलाच्या बाजूने बघितलाय. डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी हे वाचू नका, त्यांच्याकडे जायच्या आधी वाचा, म्हणजे तिथे गेल्यावर काय विचारायचं ते कळेल.

पद्धतीच्या आधीचा प्रश्न म्हणजे पिशवी काढायची खरंच गरज आहे का. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचं प्रकरण बाहेर आलं ते आठवत असेल, सरकारी सर्वेक्षणात ८२ हजारांवर बायकांमधल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत काम बुडालं की मुकादम खाडा कापणार, आणि अंगावरून पांढरं जातंय म्हणून दाखवायला गेलं तर "कॅन्सर होईल" अशी भीती घालून ऑपरेशन. नुसतं पांढरं जाणं, कंबर दुखणं, सोनोग्राफीत "पिशवीला सूज" लिहून येणं किंवा दोन सेंटीमीटरची काही त्रास न देणारी गाठ, यातलं कुठलंही एकटं कारण पिशवी काढायला पुरेसं नाही. केंद्राने २०२२ मध्ये अनावश्यक ऑपरेशनं रोखायला मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करा म्हणून सांगितलं, म्हणजे सेकंड ओपिनियन मागणं हा काही डॉक्टरांवरचा अविश्वास नाही, बिनधास्त मागा.

रक्त जास्त जात असेल तर ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत आणि पिशवीत बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू आहे, मिरेना नावाने बऱ्याच जणींना माहीत असते, ती कित्येक वर्षं काम करते आणि खूप बायकांचं ऑपरेशन टळतं. गाठ एकटीच काढता येते, गाठीचा रक्तपुरवठा बंद करायची एम्बोलायझेशन म्हणून प्रोसिजर असते. यातलं काय काय करून बघितलं आणि काय का चालणार नाही, हे डॉक्टरांनी सांगायला हवं. पंचेचाळिशीच्या पुढे असाल आणि पाळी बिघडली असेल तर आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवलाय का, आणि पिशवीच्या तोंडाची पॅप टेस्ट झालीय का, हे आधी बघा, कारण आत कॅन्सर निघाला तर ऑपरेशनच वेगळं होतं, पुढचा सगळा हिशोब बदलतो.

आता समजा काढायची हे पक्कं ठरलं. मग पद्धत कशावरून ठरते तर चार-पाच गोष्टींवरून, आणि या गोष्टी तुमच्या फाइलमध्ये आधीच असतात. एक म्हणजे पिशवीचा आकार. हा आठवड्यांत सांगतात, गरोदरपणात मोजतात तसा, बारा आठवडे म्हणजे पिशवी ओटीपोटाच्या हाडापर्यंत आलीय आणि वीस आठवडे म्हणजे बेंबीपर्यंत. नॉर्मल पिशवी शंभर ग्रॅमच्या आतबाहेर, बारा आठवड्यांची साधारण पावणेतीनशे ग्रॅम. दुसरं, पिशवी हलते का आणि थोडी खाली येते का, हे सोनोग्राफीत कळत नाही, डॉक्टरांनी हाताने तपासल्यावरच कळतं, त्यामुळे नुसता रिपोर्ट बघून, आतून तपासणी न करता कोणी "दुर्बिणीतूनच होईल" म्हणालं तर तो सल्ला अर्धाच झालाय असं समजा. तिसरं, आधीची ऑपरेशनं, सीझर किती, अपेंडिक्स, टीबीमुळे आत चिकटलेलं आहे का. चौथं, ओव्हरीजवळ गाठ किंवा एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं तो आजार) आहे का. आणि पाचवं, तुमचं वजन, हिमोग्लोबिन, दमा, हृदयाचा त्रास, कारण भूल कुठली देता येईल ते यावर आहे.

हे कागद हातात असले की पद्धतींकडे बघू, आणि मी मुद्दाम खालून सुरुवात करते कारण तीच पद्धत लोकांना सांगितली जात नाही.

खालून काढणे, म्हणजे योनीमार्गातून. पोटावर एकही छिद्र नाही, टाका नाही. पिशवीच्या तोंडाभोवती काप घेतात, पुढून लघवीची पिशवी वर सरकवतात, दोन्ही बाजूचे आधार आणि रक्तवाहिन्या एकेक करून बांधत वर जातात, पिशवी खालून बाहेर येते आणि योनीमार्गाचं वरचं टोक आतून शिवून टाकतात. बहुतेक वेळा कंबरेत इंजेक्शन देऊन भूल, पूर्ण भूल लागतेच असं नाही, त्यामुळे दमा, हृदयाचा त्रास किंवा वय जास्त असलेल्या बायकांना हे सोयीचं पडतं. लोकांना वाटतं की अंग बाहेर आलेलं असेल तरच खालून होतं. तसं नाहीये. अंग बाहेर आलेलं नसताना खालून काढायच्या ऑपरेशनला डॉक्टर एनडीव्हीएच म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा, ओपीडीत नुसता उच्चारला तरी डॉक्टर नीट समजावून सांगायला लागतात. पिशवी मोठी असेल तर खालूनच दोन भाग करून किंवा आतून कोरत कोरत काढता येते, बारा आठवड्यांपर्यंत सरावाच्या हाताला फार अडचण येत नाही, काही जण त्याहून मोठीही काढतात. आधीचं सीझर आहे म्हणून खालून होणारच नाही हाही समज जुना. मुंबईच्या डॉ. शिरीष शेठ यांनी तर यावरच आयुष्य घालवलं, सीझर झालेल्या बायकांमध्ये लघवीची पिशवी चिकटलेली असते तिथे बाजूच्या मोकळ्या जागेतून कसं शिरायचं हे त्यांनी दाखवून दिलं आणि जगभरचे डॉक्टर त्यांचं वाचून शिकले. आपल्याच मुंबईत हे झालं आणि आपल्याच बायकांना खालूनचा पर्याय माहीत नाही, याचं मला दरवेळी आश्चर्य वाटतं.

कुठे जमत नाही? एंडोमेट्रिओसिसमुळे मागे आतडं चिकटलेलं असेल, ओव्हरीत संशयास्पद गाठ असेल, पिशवी अजिबात हलत नसेल, योनीमार्ग फार अरुंद असेल. कॅन्सरचा संशय असेल तर तुकडे करून काढायचा प्रश्नच नाही. ज्यांची कधी डिलिव्हरी झाली नाही त्यांचंही खालून होतं, पण तिथे हात तसा लागतो.

पुरावा काय म्हणतो तेही सांगते. कॉक्रेन नावाची संस्था जगभरच्या अभ्यासांची बेरीज करून बघते, २०१५ मध्ये त्यांनी ४७ ट्रायल आणि पाच हजारांवर बायकांचा हिशोब मांडला, त्यात साध्या आजारांसाठी खालून काढणं पोट उघडण्यापेक्षा सरस ठरलं आणि दुर्बिणीला खालूनपेक्षा काही जास्तीचा फायदा दिसला नाही, उलट वेळ जास्त लागला. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची मोठी संघटना एकोग, तिनेही २०१७ मध्ये हेच म्हटलं की जमत असेल तिथे पहिली पसंती खालून. मग आपल्याकडे दवाखान्यांच्या बोर्डावर दुर्बिणीचं चित्र का असतं? एक तर पेशंटच दुर्बीण मागतात, खालूनच्या ऑपरेशनची जाहिरात काय करणार, त्यात मशीनच नाही. दुसरं, अनेक ठिकाणी नव्या डॉक्टरांना खालून करायचा सराव कमी मिळतो, आणि ज्याला ज्याचा सराव तो तेच सांगणार, यात वाईट हेतू असेलच असं नाही.

आता दुर्बिणीतून. पहिलं असं ऑपरेशन १९८८ मध्ये अमेरिकेत हॅरी राइश यांनी केलं. पोटात कार्बन डायऑक्साइड गॅस भरून पोट फुगवतात, बेंबीतून कॅमेरा, बाजूला अर्धा ते एक सेंटीमीटरची दोन-तीन छिद्रं, पिशवीच्या तोंडाला खालून एक दांडा लावून ती हलवत ठेवतात, रक्तवाहिन्या करंटवर चालणाऱ्या चिमट्याने भाजून कापतात आणि शेवटी पिशवी खालूनच बाहेर काढतात. पूर्ण भूल लागते आणि डोकं खाली पाय वर अशी पोझिशन बराच वेळ ठेवावी लागते, फार लठ्ठ बाई असेल किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर भूलतज्ज्ञाला हे आवडत नाही. फायदा असा की आत सगळं स्वच्छ दिसतं, मोठं करून दिसतं, चिकटलेलं सोडवता येतं, ओव्हरी, ट्यूब नीट बघता येतात. एंडोमेट्रिओसिस, ओव्हरीची गाठ, पोट उघडून झालेली आधीची ऑपरेशनं, अशा केसमध्ये दुर्बीण खरी कामाची.

इथे एक फरक समजून घ्या कारण बिलात तो लपतो. टीएलएच म्हणजे सगळं काम वरून दुर्बिणीतून, आतला शेवटचा टाकासुद्धा. एलएव्हीएच म्हणजे वरचा भाग दुर्बिणीतून आणि खालचा अर्धा भाग खालूनच हाताने. दोन्हीला घरचे लोक "दुर्बिणीतून केलं" असंच म्हणतात. एलएव्हीएच वाईट नाही, ओव्हरीकडे काही बघायचं असेल किंवा वरचं चिकटलेलं सोडवायचं असेल तर चांगलीच, पण जिथे वर सोडवायला काहीच नव्हतं तिथे पोटात नुसती दुर्बीण फिरवून आणलेलीही मी पाहिलीय. म्हणून विचारा, "वरून नक्की काय करणार आणि ते खालून का होणार नाही?"

आणि दुर्बीण म्हणजे धोका कमी हे समीकरण डोक्यातून काढून टाका. मुख्यतः ब्रिटनमध्ये इव्हॅल्युएट नावाची मोठी ट्रायल झाली, २००४ मध्ये निकाल आला, त्यात पोट उघडून केलेल्यांमध्ये मोठी कॉम्प्लिकेशन्स ६.२ टक्के आणि दुर्बिणीत ११.१ टक्के. ते सुरुवातीच्या काळातलं होतं, आता हात बसलेत आणि उपकरणं सुधारलीत, पण मुद्दा राहतोच. दुखणं कमी, जखम लहान, घरी लवकर, हे दुर्बिणीचे खरे फायदे. तोटा म्हणजे लघवीच्या मार्गाला इजा व्हायची शक्यता थोडी जास्त. किडनीकडून येणारी लघवीची नळी पिशवीच्या मुख्य रक्तवाहिनीच्या अगदी खालून जाते, पिशवीच्या तोंडापासून दीड-दोन सेंटीमीटरवरून, आणि करंटने भाजलेलं असेल तर ते त्या दिवशी कळत नाही, आठवड्या-दोन आठवड्यांनी कुशीत दुखणं, ताप किंवा खालून सतत पाणी गळणं अशा रूपात कळतं. दुसरं म्हणजे आतला टाका उसवणं, हे क्वचित होतं पण खालून केलेल्यांपेक्षा दुर्बीण आणि रोबोटमध्ये जास्त वेळा होतं.

बेंबीतून एकाच छिद्रातून करायची पद्धतही आहे, व्रण दिसत नाही एवढंच तिचं कौतुक, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत असं मला वाटत नाही.

रोबोट. हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं मशीन आपोआप ऑपरेशन करतं, तर तसं काही नाही, डॉक्टर बाजूला कन्सोलवर बसून हात हलवतात आणि ते हात आत चिमट्यांना वळवतात. दा विंची हे मशीन सगळ्यात प्रसिद्ध, अमेरिकेत गायनॅकसाठी २००५ मध्ये परवानगी मिळाली, आता भारतात बनलेलं एसएसआय मंत्रासुद्धा आलंय. चिमटा मनगटासारखा वळतो, चित्र थ्रीडी दिसतं, डॉक्टरांची पाठ वाचते. पण तुमचं काय वाचतं? २०१३ मध्ये अमेरिकेतल्या दोन लाख चौसष्ट हजारांवर बायकांचा डेटा छापून आला, साध्या आजारांसाठी रोबोट आणि दुर्बीण दोन्हीत कॉम्प्लिकेशन्स जवळजवळ सारखे, ५.५ आणि ५.३ टक्के, आणि रोबोटचा खर्च प्रत्येक केसमागे दोन हजार डॉलरहून जास्त. म्हणजे साध्या बारा आठवड्यांच्या पिशवीसाठी रोबोट लावणं हे नेलकटरच्या कामाला आडकित्ता काढण्यासारखं आहे. खूप वजन असेल, आतल्या अस्तराचा कॅन्सर असेल आणि लिम्फच्या गाठी तपासायला काढायच्या असतील, किंवा आतडं घट्ट चिकटलेलं असेल तर रोबोटचा विचार करा, तिथे एरवी पोट उघडावं लागलं असतं.

सगळ्यात नवीन व्हीनोट्स. यात कॅमेरा आणि गॅस दोन्ही खालूनच, योनीमार्गातून, म्हणजे पोटावर छिद्र नाही आणि आतलं दिसतंही. बेल्जियममध्ये ७० बायकांवर झालेल्या ट्रायलमध्ये दुर्बिणीला ७५ मिनिटं लागली तिथे याला ४१, आणि जास्त बायका त्याच दिवशी घरी गेल्या. छान आहे, पण लहान ट्रायल, ती ज्यांनी केली ते या पद्धतीतले उस्ताद, त्यामुळे तुमच्या शहरात कोणी करत असेल तर आतापर्यंत किती केल्या हे विचारूनच पुढे जा.

पोट उघडून करणं या लेखाचा विषय नाही, पण एक सांगते. पिशवी बेंबीच्या वर गेलीय, गाठी रुंदावून बाजूच्या हाडात बसल्यात, असं असेल तर पोट उघडणं हाच शहाणपणा, आणि दुर्बिणीतून सुरू केलं पण आत गेल्यावर पोट उघडावं लागलं तर ते डॉक्टरांचं अपयश धरू नका. रक्त थांबत नसताना छिद्रातूनच करायचा हट्ट धरणारा डॉक्टर जास्त धोक्याचा. संमतीपत्रावर "गरज पडल्यास पोट उघडून" लिहिलेलं असतंच, ते ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वाचा, स्ट्रेचरवर नको.

कॅन्सरचं वेगळं. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी जे मोठं ऑपरेशन करतात, त्यात दुर्बिणीची एक रीत तर पुण्यातल्या डॉक्टरांनी बसवली, जगात तिला पुणे टेक्निक म्हणतात, अभिमानाचीच गोष्ट आहे. पण २०१८ मध्ये लॅक नावाच्या ट्रायलचा निकाल आला आणि सगळं हललं, साडेचार वर्षांनी कॅन्सर परत न आलेल्या बायका पोट उघडून केलेल्यांत ९६.५ टक्के आणि दुर्बीण-रोबोटमध्ये ८६ टक्के. तेव्हापासून या कॅन्सरसाठी पोट उघडून करणं हाच साधारण नियम झालाय. आतल्या अस्तराच्या कॅन्सरला हे लागू नाही, तिथे दुर्बीण चालते. नावं सारखी वाटतात म्हणून गोंधळ होतो, रिपोर्टवर "सर्व्हिक्स" लिहिलंय की "एंडोमेट्रियम" हे बघून घ्या.

याच्याच जोडीला मॉर्सेलेटर. मोठी पिशवी किंवा गाठ दुर्बिणीतून काढताना एक फिरणाऱ्या पात्याचं यंत्र वापरून तुकडे करतात. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला, कारण गाठीसाठी ऑपरेशन झालेल्या साधारण साडेतीनशे बायकांमागे एकीच्या गाठीत न कळलेला कॅन्सर असतो आणि पात्याने तो पोटभर पसरू शकतो. आता तुकडे करायचेच तर पोटाच्या आतच, प्लास्टिकच्या बॅगेत घालून करायचे. विचारा: "तुकडे करावे लागले तर बॅगेत करणार का?" पन्नाशी उलटली असेल, पाळी गेल्यावर गाठ वाढली असेल तर तुकड्यांना सरळ नाही म्हणा.

ओव्हरीचा प्रश्न पद्धतीच्या गडबडीत राहूनच जातो. "पिशवी काढतोय तर सोबत ओव्हरीही काढून टाकू, पुढे त्रास नको" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेल, कधी डॉक्टरांकडून तर कधी स्वतःच्या सासूबाईंकडून. चाळिशीत चांगल्या ओव्हरी काढल्या की एका रात्रीत रजोनिवृत्ती येते, अंगातून वाफा, झोप जाणं, हाडं ठिसूळ होणं, आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. घरात स्तनाच्या किंवा ओव्हरीच्या कॅन्सरचा इतिहास नसेल आणि पाळी अजून चालू असेल तर ओव्हरी ठेवायच्या, हेच साधारणपणे योग्य. ट्यूब मात्र काढायला सांगा, ओव्हरीचे बरेच कॅन्सर खरं तर ट्यूबच्या टोकाला सुरू होतात, आणि ट्यूबचा आता काही उपयोग नसतो. खालून केलं तरी ट्यूब बहुतेक वेळा निघतात, "ट्यूबसाठी दुर्बीण लागेल" एवढ्यावर मान डोलावू नका. पिशवीचं तोंड ठेवायचं का असाही पर्याय काही ठिकाणी देतात, संबंधात फरक पडत नाही म्हणून सांगतात तर ते काढलं तरी पडत नाही, उलट ठेवलं तर थोडं थोडं लाल जात राहू शकतं आणि पॅप टेस्ट चालू ठेवावी लागते.

आता दोन-तीन दवाखान्यांतून एस्टिमेट आणायचं. नुसता आकडा बघू नका. वर ऑपरेशनचं पूर्ण नाव हवं, "लॅप हिस्ट" असं अर्धवट नको, ओव्हरी-ट्यूबचं काय करणार ते लिहिलेलं हवं. मग त्यात करंटच्या चिमट्याचे पैसे वेगळे लावलेत का, कारण तो चिमटा एकदाच वापरायचा असतो आणि बिलात एकदम मोठा आकडा होऊन येतो. भूलतज्ज्ञ, बायोप्सी, रक्ताची बाटली, पोट उघडावं लागलं तर काय रेट, हे सगळं. बायोप्सी पॅकेजमध्ये नसेल तर ती घालायला लावा, काढलेली पिशवी तपासायला न पाठवणारा दवाखाना मला पटत नाही.

डॉक्टरांना विचारायला लाज वाटते, मान्य, पण हे तीन प्रश्न विचाराच: माझी पिशवी खालून निघेल का, नसेल तर कशामुळे? तुम्ही स्वतः ही पद्धत महिन्यात साधारण किती वेळा करता? आणि त्यात पोट उघडावं लागणं किती वेळा होतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर "आजकाल कोणी खालून करत नाही" असं आलं तर तुम्ही दुसरा डॉक्टर बघा. "तुमची पिशवी वर चिकटलीय, तपासताना हलली नाही" असं आलं तर ते खरं उत्तर आहे, मग दुर्बिणीकडे जा, निवांत.

माझ्या डोळ्यांसमोर पद्धतींपेक्षा डॉक्टरांच्या हातांनी जास्त फरक पडलाय. ज्यांचा दुर्बिणीवर हात बसलाय त्यांच्याकडे दुर्बीण, खालूनवाले असतील त्यांच्याकडे खालून. तुम्ही पद्धत ठरवून डॉक्टरांना ती करायला भाग पाडू नका, त्यापेक्षा ती पद्धत नेहमी करणारा डॉक्टर शोधा. तालुक्याच्या ठिकाणी हे अवघड जातं, तिथे जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजची ओपीडी एकदा तरी दाखवून या, तिथे खालूनची ऑपरेशनं अजून बरीच होतात आणि खर्चही जवळजवळ नसतोच.

मेडिक्लेम असेल तर दोन गोष्टी. बहुतेक पॉलिसीत गाठी किंवा जास्त रक्तस्रावासाठी पिशवी काढायला दोन वर्षांचा वेटिंग पिरिअड असतो. आणि रोबोटिक सर्जरी कंपनीला सरसकट नाकारता येत नाही, पण तिच्यावर लिमिट घालता येतं, म्हणजे तीन लाखांची पॉलिसी असून रोबोटसाठी त्यातले अर्धेच मिळतील असं होऊ शकतं, टीपीएला (कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी एजन्सी) आधीच मेल करून विचारून घ्या, तोंडी नको.

ऑपरेशनच्या आधी हिमोग्लोबिन बघा. सात-आठवर असताना घाईने टेबलावर जायचं काही कारण नसतं, एमर्जन्सी सोडून. शिरेतून लोहाचं इंजेक्शन दिलं की तीन-चार आठवड्यांत चांगलं वर येतं, तोवर रक्त थांबवायची गोळी चालू ठेवतात. गाठी मोठ्या असतील तर पिशवी लहान करायचं हार्मोनचं इंजेक्शन महिन्याला एक असं तीनदा देतात, त्याने कधी कधी पोट उघडायची केस खालून किंवा दुर्बिणीतून होण्याइतकी आटोक्यात येते. रक्त पातळ करायची गोळी, डायबिटीसची गोळी, आयुर्वेदिक काढे, सगळं भूलतज्ज्ञाला सांगा.

नंतरचं. खालून किंवा दुर्बिणीतून झालं की साधारण एक-दोन दिवसांत घरी, पोट उघडून असेल तर तीन ते पाच. दुर्बिणीनंतर खांदा दुखतो, पोटात नाही, खांद्यात, घाबरू नका, तो आत राहिलेला गॅस असतो, दोन-तीन दिवसांत जातो, उठून चालायला लागलं की लवकर. लोकांची फसगत इथे होते की बाहेरून टाके दिसत नाहीत म्हणून घरचे समजतात बाई बरी झाली. आतला टाका सगळ्या पद्धतींत सारखाच असतो, तो भरायला सहा ते आठ आठवडे लागतात म्हणजे लागतात. तोवर हंडा, घागर, सिलिंडर, नातवंड, काही उचलायचं नाही, आणि संबंध नाही, हे नवऱ्यालाही डॉक्टरांकडूनच सांगून घ्या, तुमच्यावर सोडलं तर ते पाळलं जाणार नाही. शेतात किंवा कारखान्यात अंगमेहनतीचं काम असेल तर दुर्बिणीवालीलाही सहा आठवडे रजा लिहून मागा, ऑफिसचं टेबलवर्क दोन-तीन आठवड्यांत जमतं. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका, कुंथणं आतल्या टाक्याला वाईट. थोडं गुलाबी-तपकिरी जाणं काही आठवडे चालतं.

तातडीने परत जायचं कधी: एका तासात पॅड भिजेल इतकं लाल गेलं, ताप आणि वास येणारा स्राव, पोट फुगून उलट्या, लघवी अडली किंवा खालून न थांबता पाणी गळायला लागलं, कुशीत एका बाजूला दुखतंय, एका पायाची पोटरी सुजून दुखतेय, दम लागतोय. रात्री असेल तर सकाळची वाट बघायची नाही. डिस्चार्ज घेताना रात्रीचा फोन नंबर कार्डवर लिहून घ्या, रिसेप्शनचा नको, ड्युटी डॉक्टरचा.

आणि बायोप्सीचा रिपोर्ट साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत येतो, तो दवाखान्यात पडून राहतो कारण कोणी न्यायला जात नाही. स्वतः जाऊन आणा, डॉक्टरांकडून वाचून घ्या, आणि डिस्चार्ज कार्डवर ओव्हरी ठेवल्यात की काढल्यात, पिशवीचं तोंड काढलंय का, हे स्पष्ट लिहिलेलं आहे ना ते तिथेच तपासा. दहा वर्षांनी पोटात दुखलं की नवा डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतो.